शेतकरी कंपनीचे टपाल का अडते?

कंपनी कायद्यात २००२ साली दुरुस्ती झाली आणि दहा उत्पादक शेतकऱ्यांना एकत्र येऊन स्वतःची कंपनी काढण्याची वाट मोकळी झाली. पुढे २०२० साली केंद्र सरकारने अशा दहा हजार शेतकरी संस्था उभारण्याची योजना हाती घेतली. आपल्या धाराशिव जिल्ह्यातही सोयाबीन, तूर, हरभरा यांची खरेदी-विक्री करणाऱ्या शेतकरी कंपन्या आहेत. मालाची मागणी, दराची विचारणा, निविदा, बँकेची पत्रे हे सारे आता ईमेलने येते. समजा, लातूरच्या एखाद्या डाळ गिरणीने सकाळी दर विचारला आणि उत्तर दुपारपर्यंत मागितले. ते पत्र आपल्याला दुसऱ्या दिवशी मिळाले, तर सौदा दुसऱ्याच्या पदरात पडतो. नुकसान सोसावे लागते ते सभासदांना.

काही कंपन्या ईमेलसाठी स्वतःचा लहान सर्व्हर ठेवतात किंवा भाड्याने घेतात. हे यंत्र अधूनमधून अडते. मग कोणी लाइटला दोष देतो, कोणी इंटरनेटला, तर कोणी मोठी डिस्क विकत आणतो. पुष्कळदा खरे कारण मेमरी अपुरी पडणे हे असते. रोग हाल्याला आणि औषध पखालीला, असे होऊ नये म्हणून ही माहिती.

खळे आणि कोठार

संगणकात दोन प्रकारची जागा असते. डिस्क म्हणजे कोठार. तेथे आलेली पत्रे साठून राहतात. मेमरी, म्हणजेच रॅम, हे खळे. मळणी खळ्यावर होते, कोठारात नाही. कोठार कितीही मोठे बांधले तरी खळे लहान असेल, तर सुगीत काम तुंबणारच.

ईमेलच्या सर्व्हरवर एकाच वेळी चार-पाच गडी राबत असतात. पोस्टफिक्ससारखी प्रणाली पत्रे घेते व पाठवते. डव्हकॉटसारखी प्रणाली ती ज्याच्या-त्याच्या पेटीतून वाचायला देते. स्पॅमअॅसॅसिन फालतू पत्रे निवडून काढते. क्लॅमएव्ही पत्राला जोडलेल्या कागदांत विषाणू आहे का ते तपासते. या सर्वांना एकाच खळ्यावर जागा लागते.

यांत सर्वांत जास्त जागा क्लॅमएव्ही अडवते. विषाणूंच्या ओळखखुणांची अख्खी यादी ते मेमरीत मांडून बसते. त्यासाठी एकट्याला एक जीबीहून अधिक जागा लागते. नवी यादी आली की जुनी उचलण्यापूर्वी नवी शेजारी मांडली जाते आणि तेवढा वेळ जवळजवळ दुप्पट जागा लागते. एक-दोन जीबीचे स्वस्त यंत्र घेतलेल्यांची अडचण नेमकी येथे सुरू होते.

आधी निदान, मग औषध

पिकाची पाने पिवळी पडली, तर ते अन्नद्रव्याच्या कमतरतेने, साचलेल्या पाण्याने की रोगाने, हे आधी पाहतो. येथेही तसेच करावे. तीन गोष्टी क्रमाने पाहाव्यात.

१. यंत्र किती वेळ अखंड चालू आहे, हे त्याला विचारता येते. तो आकडा शून्यापासून पुन्हा सुरू झाला असेल, तर यंत्रच बंद पडून चालू झाले आहे. यंत्र आपल्या कार्यालयात असल्यास आधी विजेकडे पाहावे. यंत्र अखंड चालू असून एखादीच सेवा बंद असेल, तर संशय मेमरीवर घ्यावा.

२. डिस्क भरली आहे का ते पाहावे. भरली असेल, तर जागा शिल्लक नसल्याची तक्रार यंत्राच्या नोंदीत, म्हणजे लॉगमध्ये, सापडते. तेव्हा जुनी जड पत्रे दुसरीकडे काढून ठेवावीत.

३. त्याच नोंदीत 'आउट ऑफ मेमरी' हे शब्द शोधावेत. लिनक्स यंत्रात खळे पूर्ण भरले की यंत्र स्वतःच एखाद्या गड्याला बाहेर काढते, बहुधा सर्वांत जास्त जागा अडवणाऱ्याला. कोणाला काढले त्याचे नाव व वेळ तेथे लिहिलेली असते.

मेमरीचा तक्ता वाचताना एक खबरदारी घ्यावी. लिनक्स रिकामी मेमरी पडून ठेवत नाही. अलीकडे वाचलेल्या गोष्टी तेथे मांडून ठेवते आणि गरज पडताच उचलते. म्हणून 'फ्री' या रकान्यातील लहान आकडा पाहून घाबरू नये. 'अव्हेलेबल' हा रकाना पाहावा. काम चालू असताना तो सतत शून्याकडे जात असेल, तरच चिंता करावी.

उपाय

एका वेळी एकच बदल करावा आणि दोन-तीन दिवस परिणाम पाहावा. खत, पाणी, औषध सारे एकदम बदलले, तर गुण कशाने आला हे कळत नाही.

पहिला बदल बिनखर्चाचा आहे. स्पॅमअॅसॅसिनचे मदतनीस नेहमीच्या मांडणीत पाचापर्यंत वाढतात. लहान कंपनीला दोन पुरतात. क्लॅमएव्हीमध्येही नवी यादी शेजारी न मांडता जुनी काढूनच मांडावी, अशी सोय आहे. तेवढा वेळ तपासणी थांबते, पण दुप्पट जागेची गरज टळते.

दुसरा उपाय स्वॅपचा. डिस्कचा एक तुकडा जादा खळे म्हणून राखून ठेवता येतो. सुगीच्या दिवसांत तो कामी येतो. मात्र डिस्क मेमरीपेक्षा फार संथ असते. यंत्र रोज स्वॅपवरच चालत असेल, तर मेमरी वाढवण्याला पर्याय नाही. वरील सर्व गडी ठेवायचे असतील, तर चार जीबी मेमरी धरून चालावे.

एखादी सेवा रोज थोडी थोडी जास्त जागा घेत असेल आणि पुन्हा सुरू केल्यावर आकडा खाली येत असेल, तर त्या प्रणालीत गळती असू शकते. तिची सुधारित आवृत्ती घालावी. तोवर ठरलेल्या दिवशी ती सेवा पुन्हा सुरू करावी.

जागा वाचवण्यासाठी विषाणूंची तपासणी कायमची बंद करू नये. खोट्या बिलाच्या नावाने येणारा एक कागद कंपनीचा सारा हिशेब अडकवू शकतो.

पत्रे हरवतात का?

बहुधा नाही. आपला सर्व्हर बंद असला, तर पाठवणारा सर्व्हर थांबून थांबून पुन्हा प्रयत्न करतो, सर्वसाधारणपणे चार-पाच दिवस. म्हणून घाईने सारे पुसून नव्याने मांडू नये. पण निविदेची मुदत आपल्यासाठी थांबत नाही. मुदतीचे पत्र असेल तेव्हा समोरच्यास फोन करून खात्री करावी.

नोंदवही ठेवा

घरातील शिकलेली मुलगी, सून किंवा मुलगा हे काम आनंदाने सांभाळू शकेल. रोज सकाळी 'अव्हेलेबल' मेमरी, स्वॅपचा वापर आणि डिस्कची शिल्लक हे तीन आकडे वहीत लिहावेत. महिन्याभरात कोणत्या वारी, कोणत्या वेळी ताण येतो ते दिसू लागते. एवढी देखरेख करणारे कोणी नसेल, तर स्वतःचा सर्व्हर ठेवण्याचा आग्रह धरू नये. कंपनीच्या नावाचा पत्ता कायम ठेवूनही ईमेलची तयार सेवा भाड्याने मिळते. दोन्हींचा वर्षाचा खर्च मांडून संचालक मंडळाच्या बैठकीत निर्णय घ्यावा, तोही तुरीची आवक सुरू होण्यापूर्वी.