बियांपासून निवडुंग

निवडुंग म्हटला की मराठी माणसाच्या डोळ्यांपुढे कुंपण उभे राहते. शेताचा बांध, गावाबाहेरचा माळ, एखादे ओसाड देऊळ ही त्याची जागा. पुण्याच्या नाना पेठेतील विठोबाला तर निवडुंग्या हेच नाव पडले आहे. अशी वनस्पती कोणी हौसेने कुंडीत वाढवावी, आणि तीही फांदी खोचून नव्हे, तर बी पेरून, हे ऐकणाऱ्याला काहीसे विक्षिप्तपणाचे वाटते. फड्या निवडुंगाचे पान मातीत टेकवले तरी मूळ धरते. मग बियांचा हा खटाटोप कशासाठी?

प्रथम नावाचा घोटाळा दूर केला पाहिजे. आपण ज्यांना सरसकट निवडुंग म्हणतो, त्यांत दोन अगदी वेगळी घराणी आहेत. त्रिधारी निवडुंग आणि शेर ही एरंडाच्या कुळातील झाडे. यांना कोठेही ओरखडा काढला की पांढरा चीक वाहू लागतो. फड्या निवडुंग मात्र खरा कॅक्टस आणि अमेरिका खंडातून आलेला पाहुणा. खऱ्या कॅक्टसची खूण चिकात नसून काट्याच्या बुडाशी असते. तेथे लोकरीसारखी एक बारीक गादी दिसते, आणि काटे, फुले व नव्या फांद्या तिच्यातूनच उगवतात. माझे विवेचन या दुसऱ्या घराण्यापुरते आहे.

या घराण्यातील कित्येक सुंदर जाती चेंडूसारख्या एकट्या वाढतात. त्यांना फांदीच नसते. तोडून लावणार काय? त्यांच्या बाबतीत बी हाच मार्ग. पिवळ्याधमक काट्यांचा, मोठ्या घागरीसारखा ‘गोल्डन बॅरल’ आपण सार्वजनिक उद्यानांत पाहिला असेल. मेक्सिकोतील त्याच्या मूळ भूमीचा मोठा भाग १९९०च्या दशकात सिमापान धरणाच्या जलाशयाखाली गेला. रानात आज तो संकटग्रस्त आहे. परंतु जगभरच्या रोपवाटिकांत त्याची रोपे लाखांनी मोजावी लागतील. ती सारी बियांपासून झालेली आहेत. याउलट, चिलीच्या अटाकामा वाळवंटातून उपटून नेलेले हजाराहून अधिक कॅक्टस २०२० मध्ये इटलीत एका घरी पोलिसांच्या हाती लागले, आणि त्यांपैकी आठशेंवर २०२१ मध्ये परत पाठवावे लागले. कॅक्टसच्या सुमारे १,४७८ जातींच्या पाहणीचे निष्कर्ष २०१५ मध्ये प्रसिद्ध झाले. त्यांत ३१ टक्के जाती धोक्यात असल्याचे आढळले. हौशी माणसाची हौस कोणत्या वाटेने जाते, याला म्हणूनच महत्त्व आहे.

आता पेरणीकडे वळू. नवशिक्याचा हमखास समज असा की, हे वाळवंटातले झाड. तेव्हा बी कडक उन्हात, कोरड्या वाळूत टाकावे. तसे केल्यास काहीही उगवणार नाही. ॲरिझोनातील सग्वारो हा पुरुषांच्या कितीतरी पट उंच वाढणारा कॅक्टस पाहा. त्याचे रोप बहुधा एखाद्या झुडपाच्या सावलीतच जगते, आणि पहिल्या आठ वर्षांत त्याची उंची जेमतेम इंच-दीड इंच होते. उघड्यावर पडलेले बी उन्हाने, पाखरांनी व मुंग्यांनी संपते. कॅक्टसचे बालपण सावलीत आणि ओलाव्यात जाते, एवढे ध्यानात ठेवले की पुढील कृती आपोआप उलगडते.

चार इंची कुंडी पुरते. दोन भाग नदीची भरड वाळू धुऊन घ्यावी (समुद्राची नको, तिच्यात क्षार असतात), एक भाग विटांचा चुरा आणि एक भाग चाळलेले पानांचे खत मिसळावे. मिश्रणावर उकळते पाणी ओतून ते थंड होऊ द्यावे, म्हणजे बुरशीचा पुष्कळसा बंदोबस्त होतो. वर बारीक खडीचा पातळ थर द्यावा. बी दुमडलेल्या कागदावरून टिचकी मारीत पसरावे व मातीने झाकू नये. बहुतेक जातींना उगवण्यासाठी उजेड लागतो. पाणी वरून न घालता कुंडी पाण्याच्या ताटलीत ठेवावी. वरचा थर ओला दिसताच ती उचलावी. मग वर काचेचा तुकडा ठेवून कुंडी उजेडाच्या पण ऊन न लागणाऱ्या जागी ठेवावी. मुंग्या फार असतील तर आपल्या आजीचा उपाय करावा: मेजाच्या पायांखाली पाण्याच्या वाट्या.

वीस ते तीस अंश उष्णता मानवते. दिल्लीसारख्या ठिकाणी होळीच्या सुमारास किंवा पावसाळा सरल्यावर पेरावे. मुंबईकडे पावसाळ्यानंतर थेट हिवाळाभर सवड असते. सुरुवात ॲस्ट्रोफायटम आणि मॅमिलेरिया यांनी करावी. पहिल्याचे बी मोठे, होडीच्या आकाराचे, आणि ताजे असल्यास आठवड्याच्या आत उगवते. दुसऱ्याला एक-दोन आठवडे लागतात. फड्या निवडुंगाचे हाडासारखे कठीण बी मात्र महिनेच्या महिने उत्तर देत नाही. सरकारी पत्रव्यवहाराची सवय असणाऱ्यांनीच त्याच्या वाटेस जावे.

उगवते तो एक हिरवा मणी, मोहरीएवढा. त्याच्या माथ्यावर दोन बीजदलांच्या नुसत्या खुणा असतात, आणि काही दिवसांत तेथून केसासारखे मऊ काटे डोकावतात. रोप तांबूस होऊ लागले तर उजेड जास्त. फिकट व लांबोडके झाले तर कमी. एखादे रोप काचेसारखे पारदर्शक होऊन आडवे पडले तर ती मर होय; ते भोवतालच्या चिमूटभर मातीसह तत्काळ काढून टाकावे, नाहीतर आठवड्यात कुंडी रिकामी होते. महिन्या-दीड महिन्यानंतर काचेखाली आगपेटीची काडी सरकवावी व फट हळूहळू वाढवावी. मात्र पहिले सहा महिने माती पूर्ण सुकू देऊ नये. रोपे एकमेकांना टेकू लागली, साधारण वर्षभराने, की चपट्या काडीने उचलून ती वेगळी लावावी आणि दुखावलेली मुळे भरून येईपर्यंत चार-सहा दिवस पाणी देऊ नये.

बियांपासून झालेली भावंडे एकसारखी नसतात, यातच खरी मौज आहे. १९४१ मध्ये जपानमधील एजी वातानाबे यांना रोपांच्या गर्दीत हरितद्रव्य नसलेली लालभडक रोपे आढळली. ती स्वतः अन्न तयार करू शकत नसल्याने दुसऱ्या कॅक्टसवर कलम करून जगवावी लागली. बाजारात हिरव्या दांड्यावर बसवलेला लाल चेंडू मिळतो, तो याच वंशातला. मला तो फारसा रुचत नाही. पण त्याहून वाईट म्हणजे काही विक्रेते कॅक्टसवर डिंकाने वाळकी फुले चिकटवून विकतात, ती.

मॅमिलेरियाला तीन-चार वर्षांत खरी फुले येतात. बहुतेक जातींत एकाच झाडाचा पराग त्याच झाडाला चालत नाही; म्हणून एका जातीची दोन-चार रोपे ठेवून मऊ कुंचल्याने पराग एका फुलावरून दुसऱ्यावर न्यावा. पुढे लाल, लहान मिरचीसारखी फळे येतात. मेक्सिकोत त्यांना ‘चिलितोस’, म्हणजे मिरच्याच, म्हणतात. फळ कुस्करून, गर धुऊन, बी सावलीत वाळवावे व कागदाच्या पुडीवर जात आणि तारीख लिहावी. परदेशातून बी मागविण्यास २००३ च्या वनस्पती-संगरोध आदेशाचे नियम लागू आहेत, ते पाहूनच मागणी करावी. परंतु घरच्या पुडीला कसलाही परवाना लागत नाही. ती बदलीच्या गावी खिशातून नेता येते, आणि शेजाऱ्यालाही देता येते.