ऋतुसंधीतले कोची

प्रवासाचा विषय निघाला की आपल्याकडे पहिला प्रश्न येतो तो असा : "तिकडे सीझन केव्हा असतो?" प्रश्न साधा आहे, आणि त्याचे उत्तर कोणतीही प्रवासी कंपनी तत्काळ देते. परंतु हा सीझन कोणाचा, त्या गावाचा की तेथे जाणाऱ्याचा, हे मात्र सहसा कोणी विचारीत नाही. प्रस्तुत लेखात आम्हांला हाच प्रश्न विचारावयाचा आहे, आणि त्यासाठी आम्ही कोची ह्या एकाच शहराचे उदाहरण घेणार आहोत.

आयुर्वेदात 'ऋतुसंधी' अशी एक नेमकी संज्ञा आहे. मावळत्या ऋतूचे शेवटचे सात दिवस आणि उगवत्या ऋतूचे पहिले सात दिवस मिळून ऋतुसंधी होतो. ह्या काळात जुन्या ऋतूची राहणी हळूहळू सोडावी व नव्या ऋतूची हळूहळू धरावी, एकदम बदल करू नये, असे वाग्भटाचे सांगणे आहे. वैद्यांना हा काळ जपण्याचा वाटतो. प्रवाशालाही तो जपण्याचाच आहे. पण जपून वागणाऱ्या प्रवाशाला ह्याच काळात एखादे शहर जसे दिसते तसे एरवी दिसत नाही, असे आमचे मत आहे.

सीझन कोणाचा?

कोची विषुववृत्ताच्या उत्तरेस सुमारे १० अंशांवर आहे. तेथे दिवसाचे तापमान पौषात काय आणि ज्येष्ठात काय, साधारणपणे २९ ते ३३ अंशांच्या दरम्यानच राहते. आपल्याकडे थंडी, उन्हाळा आणि पावसाळा असे तीन स्पष्ट भेद आहेत; तेथे खरा भेद एकच, पाऊस आणि उघडीप. असे असता डिसेंबर-जानेवारी हा कोचीचा मुख्य सीझन का व्हावा? कारण त्या वेळी युरोपात बर्फ पडलेले असते आणि तेथील माणसांना ऊब हवी असते. नाताळच्या सुट्या असतात, वर्षअखेरीचा फोर्ट कोचीचा कार्निव्हल असतो, आणि २०१२ सालापासून सुरू झालेले कलाप्रदर्शन, म्हणजे कोची-मुझिरिस बिएनाले, हेही भरते तेव्हा त्याच सुमारास भरते. हे सर्व चांगलेच आहे. पण ह्या सीझनचे मूळ बव्हंशी पाहुण्याच्या घरच्या हवेत आहे, हे विसरता कामा नये.

मराठी माणसाचा सीझन आणखी वेगळा. त्याच्या सुट्या दोन, दिवाळीची आणि मे महिन्याची. मौज अशी की ह्या दोन्ही सुट्या कोचीच्या ऋतुसंधीतच पडतात. तेव्हा आपल्यातील बहुतेक जण तेथे ऋतुसंधीतच जातात. फक्त आपण ऋतुसंधीत जात आहोत, ही जाणीव घेऊन जात नाहीत.

दोन पावसांचा प्रदेश

केरळात पाऊस दोन आहेत. पहिला आपल्या परिचयाचा, नैऋत्येकडून येणारा. त्याला तेथे 'इडवप्पाती' म्हणतात. इडवम् म्हणजे वृषभ महिना आणि पाती म्हणजे अर्धा; वृषभ अर्धा सरला की पाऊस येतो, असा त्याचा अर्थ. १ जून ही वेधशाळेची त्याच्या आगमनाची सरासरी तारीख ह्या जुन्या नावाशी चांगली जुळते. दुसरा पाऊस 'तुलावर्षम्', म्हणजे सूर्य तूळ राशीत असतानाचा पाऊस. पहिला पाऊस राज्यात सरासरीने सुमारे २,००० मिलिमीटर पडतो, तर ऑक्टोबर ते डिसेंबर ह्या तीन महिन्यांत मिळून ५०० मिलिमीटरच्या आसपास. दुसरा पाऊस त्या मानाने थोडा खरा, पण पुण्याला वर्षभरात जितका पाऊस पडतो त्याच्या निम्म्याहूनही तो अधिक भरतो.

पंचांग पाहणाऱ्या वाचकाच्या ध्यानात एक गोष्ट आली असेल. आश्विन अमावास्येस सूर्य तूळ राशीत असतो. म्हणजे आपले लक्ष्मीपूजन आणि केरळचा तुलावर्ष हे एकाच महिन्यातले सोबती आहेत. "दिवाळीत कसला आला आहे पाऊस?" असे म्हणून छत्री घरी ठेवून निघणारा मनुष्य भूगोलाशी नव्हे, तर पंचांगाशीच भांडण काढतो!

ह्या दोन पावसांची वागणूक अगदी निराळी आहे. आषाढातला पाऊस समुद्रावरून येतो आणि दिवस-रात्र पाहत नाही. तुलावर्षाला मात्र वेळेचे भान आहे. सकाळ बहुधा निरभ्र असते. ओली जमीन उन्हाने तापते, समुद्रावरचा दमट वारा आत शिरतो, पूर्वेच्या डोंगरांपाशी ती हवा वर चढते आणि दुपारपर्यंत तेथे ढगांचे मनोरे उभे राहतात. ह्या दिवसांत वरच्या थरांतला वारा पूर्वेकडून वाहू लागलेला असतो. तो हे ढग किनाऱ्याकडे लोटतो. मग तिसऱ्या प्रहरी गडगडाट, विजा आणि तास-दोन तास धो धो पाऊस. रात्री पुन्हा चांदणे. म्हणून ज्येष्ठ-आषाढात पाऊस पाहावयाचा तर पश्चिमेकडे पाहावे आणि तुलावर्षात पूर्वेकडे पाहावे. एवढे एक सूत्र पाठ असले तरी प्रवासाचा निम्मा त्रास वाचतो.

सकाळ पाण्याची, दुपार छपराची

आम्हांला हे सूत्र ठाऊक नव्हते. काही वर्षांपूर्वी दिवाळीच्या सुटीत आम्ही सहकुटुंब कोचीस गेलो होतो. पहिल्या दिवशी सकाळभर खोलीत आराम करून तीन वाजता खाडीत फिरावयास नाव ठरवू लागलो. नावाड्याने आमच्याकडे न पाहता पूर्वेकडे पाहिले आणि उद्या सकाळी सातला या, असे सांगितले. ऊन तर लख्ख पडले होते! हा मनुष्य आळशी आहे, असा निष्कर्ष काढून आम्ही दुसरी नाव शोधावयास निघालो. ती मिळाली नाही, हे आमचे भाग्य. चार वाजता असा काही पाऊस कोसळला की धक्क्यावरच्या चहाच्या टपरीत आम्ही तासभर अडकून पडलो. शेजारी तोच नावाडी शांतपणे चहा पीत होता. वडीलभावाला मलयाळम् भाषेत 'चेट्टन' म्हणतात. त्या तासाभरात तो आमच्या मुलांचा चेट्टन झाला, आणि दुसऱ्या दिवशी सकाळी सातला आम्ही त्याच्याच नावेत बसलो.

सकाळच्या त्या वेळी खाडीच्या मुखाशी चिनी जाळी पाहावीत. 'चीनवला' हे त्यांचे तेथील नाव. किनाऱ्याला खिळलेल्या लाकडी सांगाड्याच्या टोकाला हे भले मोठे जाळे टांगलेले असते. एक मनुष्य मुख्य वाशावरून पुढे चालत गेला की त्याच्या भाराने जाळे पाण्यात उतरते; थोड्या वेळाने चार-पाच जण मागचे दोर ओढतात आणि दोरांना बांधलेले दगड प्रतिभाराचे काम करून जाळे वर आणतात. आपल्याकडच्या विहिरीवरील ओकतीचेच हे तत्त्व. डिसेंबरात हे काम पुष्कळदा छायाचित्रे काढणाऱ्यांच्या गर्दीत चालते. ऋतुसंधीत ते मासळीसाठी चालते, आणि त्यात अडचण कोणती येते तेही दिसते. पावसाने खाडीचे पाणी गोडे झालेले असते आणि जलपर्णीचे हिरवे तांडे वाहत येऊन जाळ्यात भरतात. पाऊस सरून खारे पाणी पुन्हा आत चढू लागले म्हणजे ही वनस्पती मरते. खाडीचे पाणी गोडे आणि खारे असे आलटून पालटून होते, ही गोष्ट पुस्तकात वाचून कळते. पण ओढलेल्या जाळ्यातून मासळीऐवजी पाला निघाल्यावर त्या चार माणसांच्या तोंडाकडे पाहिले की ती अधिक चांगली कळते.

दुपार मट्टांचेरीसाठी राखावी. १५६८ साली बांधलेले परदेशी ज्यूंचे प्रार्थनामंदिर, रामायणाची भित्तिचित्रे असलेला राजवाडा आणि मसाल्याच्या वखारी हे सारे जवळ जवळ आहे आणि छपराखाली आहे. तेथूनच चेरलाई भागात गेले की कानांवर कोंकणी पडते. पोर्तुगीजांच्या जाचामुळे गोवा सोडून आलेल्या गौड सारस्वतांची ही वस्ती. त्यांचे तिरुमल देवस्थान येथेच आहे. सतराव्या शतकात डचांनी मलबारच्या वनस्पतींवर 'होर्तुस मलाबारिकुस' हा १२ खंडांचा ग्रंथ छापला. त्याच्या कामात साह्य करणारे रंगभट, विनायक पंडित आणि आप्पुभट हे वैद्य ह्याच समाजातले. त्यांचे नागरी लिपीतले कोंकणी प्रशस्तिपत्र १६७८ सालच्या पहिल्या खंडात आहे. पावसाने अडकलेल्या दुपारी मराठी माणसाला ह्याहून जवळची हकीकत कोणती सापडणार?

बंदराचा जुना सीझन

आता थोडे मागे जाऊ. शिडाच्या जहाजांच्या काळात ह्या किनाऱ्याचा सीझन पाहुण्याच्या सोयीवर नव्हे, वाऱ्यावर ठरत असे. इसवी सनाच्या पहिल्या शतकातला रोमन ग्रंथकार प्लिनी सांगतो की तांबड्या समुद्राच्या तोंडापासून मोसमी वाऱ्याने निघालेले जहाज ४० दिवसांत मुझिरिसला, म्हणजे आजच्या कोडुंगल्लूरच्या परिसरातील बंदरास, पोहोचते. उन्हाळ्यात निघालेली ही जहाजे पावसाचा जोर ओसरता ओसरता येथे लागत आणि परतीचा वारा सुटला म्हणजे डिसेंबर-जानेवारीत मिरी भरून परत जात. दोन वाऱ्यांच्या मधला हा काळ म्हणजे बाजाराचा काळ. परका मनुष्य येथे काही महिने मुक्काम करी, भाषा शिके, आणि कधी कधी कायमचाच राही. अरब, ज्यू, चिनी ह्यांच्या खुणा एकाच गावात का सापडतात, ह्याचे उत्तर पुष्कळ अंशी ह्या सक्तीच्या मुक्कामात आहे.

१३४१ साली पेरियार नदीला आलेल्या महापुराने जुने बंदर गाळाने भरले व कोचीचे मुख मोकळे झाले, असे सामान्यतः मानले जाते. तरीही ह्या मुखाशी वाळूचा दांडा होता. मोठ्या आगबोटी बाहेरच नांगर टाकीत आणि माल पडावांतून आत येई. पावसाळ्यात ते काम जवळ जवळ थांबे. १९२० साली आलेल्या रॉबर्ट ब्रिस्टो ह्या अभियंत्याने तो दांडा कापून खोल मार्ग काढला, आणि १९२८ सालापासून मोठी जहाजे आत येऊ लागली. निघालेल्या गाळाच्या भरावातून विलिंग्डन बेट झाले. त्या दिवसापासून बंदर बारमाही झाले आणि वाऱ्याचा सीझन संपला. पुढे जो सीझन आला तो प्रवाशांचा.

ऋतुसंधीचे भय

एवढे वाचून कोणी उत्साहाने निघेल, म्हणून दुसरी बाजू स्पष्ट सांगणे आमचे कर्तव्य आहे. तुलावर्षातली वीज ही शोभेची वस्तू नव्हे. केरळात दर वर्षी तिने माणसे मरतात. दुपारी २ ते रात्री १० ह्या वेळेत सावध राहावे, असे तेथील आपत्तिव्यवस्थापन प्राधिकरण सांगते. गडगडाट कानी आला की पाणी आणि मोकळा किनारा सोडावा, झाडाखाली थांबू नये, पक्क्या घरात जावे, आणि शेवटच्या गडगडाटानंतर अर्धा तास बाहेर पडू नये.

मे महिन्याच्या ऋतुसंधीचे भय निराळे आहे. त्या वेळी आकाश स्वच्छ असते, वाराही नसतो, आणि तरी समुद्र अकस्मात घरांत शिरतो. कोळी लोक त्याला 'कल्लक्कडल' म्हणतात. कल्लन् म्हणजे चोर, कडल म्हणजे समुद्र. दूर दक्षिण हिंदी महासागरातील वादळांनी उठवलेल्या लांब लाटा काही दिवसांनी ह्या किनाऱ्यावर येतात, असे त्याचे कारण आहे. कोचीच्या दक्षिणेस चेल्लानम् येथील लोकांनी समुद्राचे असे आक्रमण वर्षानुवर्षे सोसले आहे. मेमध्ये किनाऱ्यावर जाणाऱ्याने आकाश पाहून समुद्राची परीक्षा करू नये. हैदराबादची सागरी माहिती सेवा देते ती सूचना पाहावी.

शिवाय ऋतूंचे सांधेच आता सैल होत चालले आहेत. अरबी समुद्र तापत आहे. २०१७ सालच्या नोव्हेंबरअखेर ओखी वादळ इतक्या झपाट्याने उठले की खोल समुद्रात गेलेले केरळ व तमिळनाडूचे शेकडो मच्छीमार मृत वा बेपत्ता झाले. ऑगस्ट २०१८ च्या महापुरात कोचीचा विमानतळ दोन आठवडे बंद होता. आणि त्याच पुरात असंख्य माणसांना घरांतून बाहेर काढले ते ह्या कोळ्यांच्याच होड्यांनी. तेव्हा ऋतुसंधीत खोल्या स्वस्त मिळतात एवढ्याच हिशेबाने जाणाऱ्याने हेही जाणावे की ज्या अनिश्चिततेमुळे आपले भाडे कमी होते, त्याच अनिश्चिततेत तेथील माणसाची रोजी आणि कधी कधी प्राणही पणाला लागलेला असतो.

जावे कसे?

आमची सूचना थोडक्यात अशी. चार गावे सहा दिवसांत पाहण्याचा बेत करू नये; एका कोचीलाच चार दिवस द्यावेत. कोकण रेल्वेने जावयाचे असल्यास पावसाळी वेळापत्रक ऑक्टोबरातही चालू असते, म्हणून गाडीची वेळ पाहून घ्यावी. २०२३ साली सुरू झालेल्या विजेवरच्या जलमेट्रोने सकाळी बेटे पाहावीत. तिसऱ्या प्रहराचा कोणताही बेत ठरवू नये. तो पावसाचा समजावा. आणि नावाडी 'आज नको' म्हणाला तर त्याच्याशी घासाघीस करू नये. त्या दिवसाची मजुरी सोडून तो आपल्याला नकार देत असतो, हे ध्यानात ठेवावे.

ऋतुसंधीत हळूहळू सोडावे आणि हळूहळू धरावे, हे वाग्भटाने शरीरासाठी सांगितले. प्रवाशाने सोडावयाचे ते आपल्या घरचे वेळापत्रक, आणि धरावयाचे ते त्या गावाचे. त्या टपरीतल्या तासाभरात आम्ही काहीही पाहिले नाही. पण कोचीची आमची ओळख झाली ती तेथेच.