तिळाच्या नावाची हाडं

घोड्याच्या पायात, खुराच्या वरच्या सांध्यामागे, दोन छोटी हाडं असतात. डॉक्टर त्यांना सेसमॉइड म्हणतात. नाव तिळावरून पडलेलं. जनावर भरधाव सुटतं तेव्हा क्षणभर सगळा भार एकाच पुढच्या पायावर येतो आणि तो या हाडांना झेलावा लागतो. रफियन हरली ती इथे. दुसऱ्या कुठल्या घोड्यासमोर ती हरलीच नाही.

१७ एप्रिल १९७२ रोजी केंटकीतल्या क्लेबोर्न फार्मवर जन्मलेली ही काळसर घोडी. बाप रिव्ह्यूअर, बोल्ड रूलरचा मुलगा, म्हणजे गाजलेल्या सेक्रेटेरियटचा सावत्र भाऊ. आई शेनॅनिगन्स, नेटिव्ह डान्सरची मुलगी. दोन्हीकडून वेग वाहत आलेला. पण शर्यती खेळत असताना रिव्ह्यूअरचा पाय तीनदा मोडला होता. तरी त्याला प्रजननासाठी ठेवलंच. थरोब्रेडच्या धंद्यात वेग मोजायला घड्याळ आहे, हाडांच्या चिवटपणाला तसलं काही नाही. मग निवड कशावरून होणार?

२२ मे १९७४ ला न्यूयॉर्कच्या बेलमाँट पार्कवर ती पहिल्यांदा धावली. साडेपाच फर्लांग, १ मिनिट ३ सेकंद: मैदानाच्या विक्रमाशी बरोबरी, आणि दुसरा घोडा १५ घोड्यांच्या लांबीइतका मागे. त्याच वर्षी मागच्या पायाला केसाएवढी चीर गेली आणि उरलेला हंगाम तबेल्यात गेला. ट्रेनर फ्रँक व्हाइटली यांनी घाई केली नाही. १९७५ मध्ये ती परतली आणि तिने फक्त घोड्यांच्या माद्यांसाठी असलेल्या तीन मोठ्या शर्यती, एकॉर्न, मदर गूज आणि कोचिंग क्लब अमेरिकन ओक्स, जिंकल्या. तोवर दहापैकी दहा शर्यती. कुठल्याही टप्प्यावर कुणी तिच्या पुढे नव्हतं.

मग लोकांना नर-मादीचा सामना हवासा वाटला. ६ जुलै १९७५, बेलमाँट, सव्वा मैल, समोर त्या वर्षीचा केंटकी डर्बी विजेता फूलिश प्लेझर. जॉकी हासिंटो वास्केझ एरवी दोघांवरही बसायचा. त्या दिवशी त्याने तिला निवडलं. पहिला पाव मैल संपला तेव्हा तिचं नाक जेमतेम पुढे होतं. थोड्याच वेळात कटकन आवाज झाला, दोन्ही जॉकींना ऐकू आला. उजव्या पुढच्या पायाची ती दोन्ही हाडं मोडली होती. वास्केझ लगाम खेचत होता आणि ती मात्र थांबायला तयार नव्हती. पायाखाली काय उरलंय याची तिला पर्वाच नव्हती.

शस्त्रक्रिया पार पडली. भुलीतून जागी होताना मात्र ती आडवी पडल्यापडल्याच पाय मारू लागली, जणू शर्यत अजून चालूच आहे. प्लास्टर निखळलं, पाय पुन्हा मोडला. ७ जुलैच्या पहाटे तिला कायमचं झोपवावं लागलं. बेलमाँटच्या मैदानातच, नाक विजयरेषेकडे करून पुरलं. २०२३ मध्ये तिचे अवशेष क्लेबोर्नला नेले.

तिच्या आईचंही असंच झालं. १९७७ मध्ये पोटाच्या शस्त्रक्रियेनंतर भूल उतरताना शेनॅनिगन्सचे पाय मोडले.

घोड्याला शुद्धीवर येताना पाण्याच्या तलावात तरंगत ठेवण्याची सोय पेनसिल्व्हेनियातल्या न्यू बोल्टन सेंटर या पशुरुग्णालयात झाली. २००६ मध्ये डर्बी विजेत्या बार्बारोचा मागचा पाय मोडला तेव्हा तो त्या तलावात जागा झाला, धडपडला तरी पाय पाण्यातच फिरले. त्याच्या आईच्या वंशावळीत वर चढत गेलं की शेनॅनिगन्सचा बाप नेटिव्ह डान्सर लागतो.