दांड, उसवण आणि माया: जुन्या कपड्यांच्या नव्या शिवणीचा आढावा

जुन्या कपड्यातून नवा कपडा बेतण्याची रीत मराठी घरात शिवणयंत्राच्या कितीतरी आधीची आहे, आणि तिचे मूळ लुगड्यात आहे. नऊवार म्हणजे सव्वाआठ मीटरच्या आसपास सलग, दोन्ही कडांना काठ असलेले, कुठेही कात्री न लागलेले कापड. ते सगळीकडे सारखे झिजत नाही. कासोट्याचा भाग आणि बसताना ताण येणारा भाग आधी विरतो. पदर आणि आत खोचलेल्या निऱ्या पुष्कळ काळ धड राहतात. लुगडे फाटले असे ज्या दिवशी घरात म्हटले जाई, त्या दिवशीही त्यातले निम्म्याहून अधिक कापड अंगावर घालण्याजोगे असे.

या कापडाचा पहिला उपयोग दांड. विरलेला मधला पट्टा आडवा कापून काढायचा आणि दोन्ही धड भाग एकमेकांना जोडायचे. घरात एकाच रंगाची दोन जुनी लुगडी असली, तर एकाचा चांगला अर्धा दुसऱ्याच्या चांगल्या अर्ध्याला लावायचा. वाचायला हे सोपे वाटते, करायला नाही. दांडाची शिवण नेसल्यावर निऱ्यांत किंवा कासोट्यात गेली पाहिजे, म्हणून कुठे कापायचे हे नेसून पाहूनच ठरे. शिवताना एक कड दुसरीच्या दोन सूत पुढे ठेवायची, बारीक धावदोरा घालायचा, मग पुढची कड मागचीवर दुमडून हेम घालायची. असे केले की दोन्ही बाजूंनी एकही सुटा धागा दिसत नाही आणि शिवण अंगाला टोचत नाही. आधी दोन्ही टोकांना काठाला काठ भिडवून टाचून घ्यायचे आणि कमीजास्त झालेले कापड मध्यभागी जिरवायचे. काठाच्या जागी ओढाताण झाली तर पहिल्याच धुण्यात तिथे चुण्या पडतात. आपल्या कथा-कादंबऱ्यांत दांडाचे लुगडे आले ते केवळ दारिद्र्याची खूण म्हणून. त्या एका शिवणीत किती नजर आणि किती हिशेब होता, याची नोंद फारशी कोणी घेतली नाही. मराठी शिवणकामाच्या इतिहासात दांडाला पहिले पान मिळायला हवे.

दांडाने लुगड्याचे आयुष्य वाढे, पण तेही संपे. मग त्यातून मुलीचा परकर निघे, परकर आखूड झाला की पोलके, उरलेल्या मऊ तुकड्यांतून तान्ह्या बाळाची झबली, टोपरी, कुंची आणि दुपटी. बाळाला जुन्या कापडाचे कपडे घालण्याला अंधश्रद्धा म्हणणारे काही लेखक आहेत. अनेक वर्षे धुतलेल्या सुती कापडातली खळ आणि कच्चा रंग निघून गेलेला असतो, त्याचे तंतू मऊ झालेले असतात. नव्या, कडक कापडाने नाजूक कातडी सोलवटते. कारण इतके साधे आहे. पुरुषांच्या धोतरांचेही तसेच: धोतर विरले की पंचे, पंचे विरले की लंगोट आणि फडकी.

या साखळीच्या शेवटी गोधडी येते. आज मात्र जुन्या कपड्यांचा विषय निघाला की बोलणे थेट गोधडीवर जाते, प्रदर्शने गोधडीची भरतात आणि अभ्यासही तिचेच होतात. उत्तर कर्नाटकातली कौदी आणि हल्याळ-यल्लापूरकडच्या सिद्दी बायकांची कवंदी यांनाही अलीकडे असाच मान मिळतो आहे, तो योग्यच आहे. पण गोधडीत ते कापड जाई जे अंगावर घालण्याच्या लायकीचे उरले नाही. धड कापड गोधडीत घालणारी बाई उधळी ठरे. गोधडीच्या कौतुकात त्याआधीची सगळी शिवण झाकली गेली आहे, आणि खरी विद्या त्या झाकलेल्या भागात होती.

शिवणयंत्राने या विद्येला वेग दिला. आयझॅक सिंगर यांनी अमेरिकेत १८५१ मध्ये आपल्या यंत्राचे पेटंट घेतले. एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीपर्यंत सिंगरची यंत्रे हिंदुस्थानात हप्त्यांवर विकली जात होती. १९३० च्या दशकात कोलकात्याच्या जय इंजिनिअरिंग वर्क्सने ‘उषा’ बनवायला सुरुवात केली आणि स्वातंत्र्यानंतर हाताने फिरवायचे मशीन मध्यमवर्गीय घरात दिसू लागले. पुण्याच्या सेवासदनासारख्या संस्थांनी स्त्रियांना शिवण शिकवली. मुंबईत झारापकरांच्या टेलरिंग कॉलेजने आणि त्यांच्या कटिंगच्या पुस्तकांनी माप आणि आकृती यांना शिस्त लावली. हे शिक्षण मुख्यतः नव्या कापडावर बेतलेले होते. जुन्या कपड्यावर काम कसे करायचे ते वर्गात फारसे शिकवले गेले नाही, ते घरातच एकीकडून दुसरीकडे गेले. म्हणूनच एका पिढीत शिकणारी कोणी नसली की ते तुटले.

दुसऱ्या महायुद्धात हिंदुस्थानात कापडाची टंचाई झाली, १९४३ मध्ये कापडावर नियंत्रण आले आणि ते काही वर्षे राहिले. ब्रिटिश सरकारने त्याच वर्षी ‘मेक डू अँड मेंड’ नावाची पुस्तिका काढून ब्रिटनमधल्या गृहिणींना जुने कपडे पुन्हा शिवायला शिकवले. आजच्या लेखांत या पुस्तिकेचा उल्लेख हटकून सापडतो, जणू ही कल्पना तिथूनच इकडे आली. मराठी बायकांना त्यातले फारसे काही नवे नव्हते.

शिवलेल्या कपड्यातून दुसरा कपडा काढणे हे लुगड्यापेक्षा अवघड काम, आणि इथे उसवण्याला शिवण्याहून अधिक महत्त्व आहे. शिवण कात्रीने कापून टाकणारा माणूस प्रत्येक जोडाला अर्धा-पाऊण इंच कापड गमावतो. उसवताना दर चौथा-पाचवा टाका ब्लेडच्या टोकाने किंवा बारीक कात्रीने तोडायचा, उलट्या बाजूचा दोरा ओढून काढायचा, मग कापड धुऊन, किंचित ओले असताना उभ्या धाग्याच्या दिशेने इस्त्री करायची. त्यानंतर कापड उजेडासमोर धरायचे. जिथून उजेड जास्त येतो तिथे कापड विरलेले आहे, तिथे खडूने खूण करायची. ही पायरी गाळली की नवा कपडा पहिल्या महिन्यातच जुन्या जागी फाटतो.

वडिलांच्या पँटमधून मुलाची अर्धी विजार हे या प्रकारचे सर्वांत सरावाचे उदाहरण. पँट बूड, गुडघे आणि तळाची घडी इथे जाते. मांडीचा पुढचा भाग आणि पोटरीचा मागचा भाग धड असतो. रंग उडालेला असला तर कापड उलटे करून आतली बाजू बाहेर घ्यायची. गुडघा नव्या विजारीत येणारच असेल तर तो मागे, खिशाखाली आणायचा. इस्त्रीची जुनी रेघ मोडायला पाण्यात थोडे व्हिनेगर घालून ओल्या फडक्यावरून इस्त्री फिरवायची. शर्टाची कॉलर विरली की ती पट्टीपासून उसवून उलटी बसवणे हे तर एका बैठकीचे काम. कफ गेले की बाह्या अर्ध्या होत. शेवटी शर्टाच्या पाठीच्या मोठ्या सलग तुकड्यातून लहान मुलीचा फ्रॉक किंवा झबले निघे.

साठच्या-सत्तरच्या दशकांत टेरिलीन, म्हणजे पॉलिस्टरचे कापड, आले आणि गणित बदलले. ते सहजासहजी झिजत नाही, म्हणून बायकांना आवडले. पण ते मऊही होत नाही, घाम टिपत नाही, बाळाच्या अंगाला चालत नाही. त्याच सुमारास बोहारीण जुन्या कपड्यांवर स्टीलची भांडी देऊ लागली. पातेल्याच्या मोबदल्यात गेलेल्या कपड्यांत दांड घालण्याजोगी लुगडीही होती.

महाराष्ट्राबाहेर, इथे बंगळूरमध्ये, ही मराठी शिवण दोन वाटांनी आली. जुनी वाट भावसार क्षत्रिय आणि नामदेव शिंपी समाजांची. शहाजीराजांना बंगळूरची जहागीर १६३८ च्या सुमारास मिळाली, तेव्हापासून मराठी माणसांचे येणे-जाणे वाढले. रंगारी आणि शिंपी घराणी कर्नाटकाच्या गावोगाव स्थिरावली. त्यांची घरची भाषा कानडी शब्द सामावलेली मराठी, आणि देव विठ्ठल. ब्लाऊजच्या बगलेत आणि पँटच्या मागच्या शिवणीत इंच-दीड इंच माया, म्हणजे शिवणीच्या आत राखलेले जादा कापड, सोडणे हा या शिंप्यांच्या हातचा धर्म होता. कपडा घालणारा माणूस जाड होणार, किंवा कपडा धाकट्याकडे जाणार, हे ते गृहीत धरत.

दुसरी वाट नोकरीची. बंगळूरच्या के. आर. पुरम भागाशेजारी दूरवाणीनगरात १९४८ मध्ये इंडियन टेलिफोन इंडस्ट्रीज उभी राहिली, रेल्वेचे डिझेल शेड आले आणि नंतर व्हाइटफील्डच्या रस्त्यावर संगणक कंपन्या. बेळगाव, हुबळी-धारवाड, सोलापूर, पुणे इथून आलेल्या कुटुंबांच्या ट्रंकेत इरकली साड्या आणि लुगडी होती, बंगळूरला आल्यावर त्यांत मैसूर सिल्कची भर पडली. ही दोन कापडे हाताळण्याची समज हे इथल्या मराठी घरांचे खास धन, आणि त्याबद्दल सविस्तर लिहिणे भाग आहे.

इरकलीचे अंग बहुधा सुती किंवा सूत-रेशीम आणि पदर रेशमी. अंगाचा ताणा आणि पदराचा ताणा वेगळा असतो. दोन्हींचे धागे एकमेकांत फासे अडकवून जोडलेले असतात, त्याला तोपतेणी म्हणतात. साडी नेसताना हा जोड पाठीवर मोकळा पडतो, त्याला ताण येत नाही. कुर्ता बेतताना तो खांद्यावर किंवा मुंढ्यात आणला की चार-दोन वेळा घालण्यातच सुटतो. त्याची जागा पाठीच्या खालच्या भागात, मागून पातळ अस्तर लावून. पदर पाठीला, अंग पुढे, काठ बाह्यांना आणि घेराला, अशी रचना सर्वांत टिकाऊ. काठ घेराच्या कोपऱ्यावर वळवताना तो कापू नये. तिरका दुमडून आतून टीप घालावी, म्हणजे पुढे तोच काठ आणखी एखाद्या कपड्याला लावता येतो.

मैसूर सिल्कच्या क्रेपमध्ये धाग्याला जोराचा पीळ असतो, म्हणून कापड सुळसुळीत असते आणि मशीनच्या दातांवरून घसरते. कापडाखाली पातळ कागद ठेवून अकरा नंबरच्या सुईने टीप घालावी आणि कागद नंतर फाडून काढावा. वर्षानुवर्षे एकाच घडीत राहिलेली रेशमी साडी घडीच्या रेषांवर तडकते. साडी उलगडून प्रत्येक घडीची रेघ दोन अंगठ्यांमध्ये हलकेच ताणून पाहावी. करकर आवाज आला तर ती रेघ शिवणीबाहेर ठेवून बेत करावा. अस्तराबाबत घाई करू नये. जुने कापड धुऊन धुऊन आटलेले असते, नवे सुती अस्तर आटायचे असते. ते रात्रभर पाण्यात भिजवून वाळवल्याशिवाय लावले तर पहिल्या धुण्यानंतर अस्तर आत ओढले जाते आणि वरचे रेशीम फुगते. रेशमाला नावे ठेवली जातात, दोष अस्तराचा असतो.

ऐंशी-नव्वदच्या दशकांत पंजाबी ड्रेस मराठी मुलींच्या अंगावर आला, तेव्हा या विद्येला शेवटचा मोठा बहर आला. आईच्या साडेपाच मीटरच्या साडीतून कमीज, ओढणी आणि कधी सलवारही निघे. बंगळूरच्या चिकपेट बाजारात अस्तर, लेस आणि बटणे मिळत, आणि कापड मात्र घरचेच असे.

त्यानंतरची उतरण बायका नोकरीला लागल्याने झाली, असे सांगितले जाते. हे पटण्यासारखे नाही. कारखान्यांत आणि शाळांत नोकरी करणाऱ्या बायकांनीच साठ-सत्तरच्या दशकांत घरच्या मशीनवर कॉलरी उलट्या केल्या. खरे कारण कपड्यातच आहे. तयार कपड्यांच्या कारखान्यांत, आणि बंगळूर हे त्यांचे देशातले मोठे केंद्र आहे, ओव्हरलॉकचे यंत्र शिवताना कडा कापत जाते. आत पाव इंचही कापड उरत नाही. माया नसलेला कपडा उसवून काही निघत नाही. त्यात लायक्रा मिसळलेले विणीचे कापड, चिकटवलेली कॉलर, छापील नक्षी. यातून पुढचा कपडा निघावा असा विचारच कपडा बनवताना केलेला नसतो. दुकानात शिवून घेतलेल्या ब्लाऊजमध्येही आता माया मागून घ्यावी लागते, आणि कित्येक कारागीर तिला कापडाचा अपव्यय समजतात. ही शिंपीकामाची मोठी हानी आहे.

दुसरी हानी अलीकडची. जुन्या पैठण्या आणि इरकली साड्या गाऊन, जाकीट आणि पिशव्यांसाठी आडव्यातिडव्या कापल्या जातात, आणि त्याला पुनर्वापर म्हणतात. पदराच्या मोराच्या मानेवरून कात्री जाते, काठ कळीत अर्धा कापला जातो. अशा कपड्यातून पुढे काहीच करता येत नाही. चांगल्या पुनर्शिवणीची कसोटी एकच: या कपड्यातून उद्या आणखी एक कपडा निघेल का? दांडाचे लुगडे या कसोटीला उतरत होते.

सध्या के. आर. पुरमच्या गल्ल्यांत अल्टरेशनची दुकाने भरपूर आहेत. तिथे पँट आखूड होते, कंबर आत घेतली जाते, चेन बदलते. संपूर्ण कपडा उसवून दुसरा बेतून द्यायला बहुतेक कारागीर तयार नसतात. मजुरी नव्या कपड्याइतकी होते, आणि ती त्यांनी मागावी यात गैर काही नाही. म्हणून हे काम घरचेच राहणार. फ्लॅटमध्ये पायाच्या मशीनला जागा नसेल तर जेवणाच्या टेबलावर मावणारे विजेचे मशीन चालते, मात्र त्यात झिगझॅगची सोय हवी. विणीच्या कापडाला, म्हणजे टी-शर्ट आणि लेगिंगला, बोथट टोकाची सुई आणि झिगझॅग टीप लागते. साध्या सुईने धागा तुटतो आणि घर उसवत जाते. मोठ्या टी-शर्टातून लहान मुलाचा सदरा काढता येतो, त्याची तळाची तयार घडी तशीच ठेवून. लेगिंगमधून अंगावरचे काही निघत नाही.

ज्यातून कपडा निघत नाही त्याची वाट लावण्याआधी बटणे, हुक, चेन, नाडी, इलॅस्टिक आणि धड काठ काढून डब्यात ठेवावेत. सुती चिंध्या गोधडीच्या थरांना आणि पायपुसण्यांना कामी येतात. धुतलेले, घालण्याजोगे कपडे ‘गूंज’सारख्या संस्थांकडे द्यावेत, १९९९ मध्ये सुरू झालेली ही संस्था जुन्या कापडातून शाळेची दप्तरे आणि सुती पॅड बनवते. पॉलिस्टरच्या विरलेल्या तुकड्यांचा घरी उपयोग नाही. ते ओल्या कचऱ्यात न मिसळता सुक्या कचऱ्यात द्यावेत.