नेमबाजीची यंत्रे, भाग ६ : पिस्तूल चालत नाही तेव्हा

२५ जुलै २०२१ रोजी टोकियो ऑलिंपिकमध्ये महिलांच्या १० मीटर एअर पिस्तूलची पात्रता फेरी सुरू होती. मनू भाकरने पहिल्या दहा नेमांत ९८ गुण घेतले. दुसरी मालिका सुरू असताना तिच्या पिस्तुलाचा कॉकिंग लिव्हर निकामी झाला. छर्रा भरायला हा लिव्हर उघडावा लागतो, त्यामुळे पुढचा नेम मारणेच अशक्य झाले. प्रशिक्षक रौनक पंडित यांच्यासोबत ती दुरुस्तीसाठी गेली आणि या धावपळीत जवळपास २० मिनिटे गेली. फेरी ६० नेमांची आणि ७५ मिनिटांची. नेमबाजाचे स्वतःचे हत्यार बिघडले म्हणून घड्याळ थांबत नाही. उरलेले नेम घाईत मारून तिने ५७५ गुण मिळवले आणि ती बारावी आली. आठव्या, म्हणजे अंतिम फेरीत जाणाऱ्या शेवटच्या नेमबाजाचे गुण होते ५७७.

त्या दिवसानंतर १९ वर्षांच्या या मुलीवर बरीच टीका झाली. राखीव पिस्तूल का उचलले नाही, हा प्रश्न सगळ्यांच्या तोंडी होता. मागच्या भागात आपण मूठ पाहिली आहे. लाकडी मूठ एका विशिष्ट तळहातासाठी कोरलेली असते, ट्रिगर त्याच बोटाच्या सवयीने बसवलेला असतो आणि साइट त्याच डोळ्यासाठी जुळवलेली असते. राखीव पिस्तूल घेणे म्हणजे या सगळ्याशी नव्याने हात जुळवणे, तेही धावत्या घड्याळासमोर. दुरुस्ती की बदल, हा निर्णय बाहेर बसून जितका सोपा वाटतो तितका तो नसतो. म्हणून ती टीका मला अन्यायाची वाटते. पुढे २०२४ मध्ये पॅरिसला याच प्रकारात तिने कांस्य मिळवले.

पण आजचा विषय पदकाचा नाही, ट्रिगरचा आहे. पिस्तूल हवे तेव्हा न चालणे आणि नको तेव्हा चालणे हे दोन वेगळे प्रश्न मानले जातात. पहिला विश्वासार्हतेचा आणि दुसरा सुरक्षिततेचा. माझ्या मते ते फार जवळचे आहेत, आणि दोन्हींची मुळे बहुतेक वेळा एका छोट्या पोलादी खटक्यापाशी सापडतात.

या खटक्याला सिअर म्हणतात. ताणलेल्या हॅमरला तो अडवून धरतो. दोघांच्या धारा एकमेकींवर जेमतेम टेकलेल्या असतात आणि ट्रिगर ओढला की सुटतात. टेकलेला भाग जितका कमी, तितका ट्रिगर स्वच्छ सुटतो आणि नेम हलत नाही. म्हणून नेमबाज बारीक स्क्रू फिरवून तो कमी करत जातो, आणि नेमका इथेच धोका असतो. एका मर्यादेपुढे ब्रीच, म्हणजे नळीचे मागचे तोंड, बंद करतानाच्या धक्क्यानेही हॅमर सुटू शकतो. सेमी-ऑटोमॅटिक पिस्तुलात तर एका ओढीत दोन गोळ्या जाऊ शकतात. सिअरच्या धारा झिजल्या तरी हाच परिणाम होतो, आणि ही झीज डोळ्यांना दिसत नाही. ट्रिगरचे वजन किमान किती हवे याचा नियम आहे : एअर पिस्तुलासाठी ५०० ग्रॅम, महिलांच्या २५ मीटर पिस्तुलासाठी १००० ग्रॅम. ठरलेले वजन ट्रिगरला टांगून पिस्तूल वर उचलतात. त्या वजनाने ट्रिगर सुटता कामा नये. पण ही चाचणी फक्त वजन मोजते. सिअर किती टेकलेला आहे हे तिच्यात कळत नाही. ते तपासण्याची जबाबदारी नेमबाजाची आणि त्याच्या आर्मररची, म्हणजे शस्त्र दुरुस्त करणाऱ्या तंत्रज्ञाची.

इलेक्ट्रॉनिक ट्रिगरमध्ये हा झिजणारा सिअर नसतो. बोटाच्या दाबाने विद्युत मंडल जोडले जाते आणि पुढचे काम सोलेनॉइड, म्हणजे विजेवर चालणारा चुंबक, करतो. प्रत्येक ओढ सारखी लागते, हा मोठा फायदा. त्या बदल्यात बॅटरी, सर्किट आणि जोडण्या यांची काळजी आली. स्क्रू-ड्रायव्हरने रेंजवरच सुटणाऱ्या अडचणींची जागा अशा अडचणींनी घेतली, ज्यांसाठी सुटा भाग खिशातच असावा लागतो.

२५ मीटरच्या प्रकारात परिस्थिती आणखी अवघड असते. कोल्हापूरच्या राही सरनोबतने २०१८ च्या आशियाई स्पर्धेत सुवर्ण जिंकले ते याच प्रकारात. इथे .२२ चे रिमफायर काडतूस वापरतात. त्याचा स्फोटक थर तळाच्या कडेत पसरलेला असतो आणि फायरिंग पिन त्या कडेवर आपटते. थर एखाद्या ठिकाणी विरळ असेल तर काडतूस पेटत नाही. गोळीवरचे मेण आणि शिसे चेंबरमध्ये साचत जाते, मग काडतुसाचे रिकामे केस अडकते. वेगवान टप्प्यात लक्ष्य फक्त तीन सेकंद समोर असते, त्यामुळे अडकलेले केस म्हणजे गेलेला नेम.

अशा बिघाडांसाठी नियमांत सोय आहे, पण एका अटीवर. पिस्तूल लक्ष्याच्या दिशेनेच धरून मोकळा हात वर करायचा आणि अधिकाऱ्याला कळवायचे. तपासणीआधी ब्रीचला, यंत्रणेला किंवा सेफ्टीला हात लावला तर बिघाड अमान्य ठरतो आणि न मारलेले नेम शून्य धरले जातात. बिघाड मान्य झाला तर दुरुस्तीला किंवा पिस्तूल बदलायला १५ मिनिटे मिळतात. नवोदितांना ही अट जाचक वाटते. मला ती या खेळातली सर्वांत शहाणी अट वाटते. न पेटलेले काडतूस कधीकधी क्षणभराने पेटते. गोंधळलेला नेमबाज तोवर पिस्तूल आपल्याकडे वळवून आत डोकावत असेल तर काय होईल, हे सांगायला नको. दुसरी शक्यता अशी की आवाज मंद आला आणि गोळी नळीतच अडकली. त्यावर पुढची गोळी झाडली तर नळी फुगते, फुटूही शकते. म्हणून आवाज वेगळा वाटला की थांबायचेच, मग मालिका वाया गेली तरी चालेल.

एअर पिस्तुलाबाबत आपल्याकडे फार बेफिकिरी आहे. छर्रा ४.५ मिलिमीटरचा आणि वेग सेकंदाला साधारण १५० मीटर. डोळा जायला एवढे पुरते. शिवाय त्याचे सिलिंडर २०० बारपर्यंत दाबाच्या हवेने भरलेले असते. मोटारीच्या टायरमधला दाब दोन-अडीच बार असतो, यावरून अंदाज यावा. अनेक उत्पादक या सिलिंडरला १० वर्षांची मुदत देतात आणि तारीख त्यावर कोरलेली असते. पण पिस्तूल जुने घेताना मुले नळी बघतात, ट्रिगर ओढून बघतात आणि ती तारीख कुणी वाचत नाही. कोकणात आणि मुंबईत पावसाळ्यात हवा भरताना पंपातून ओलावाही आत जातो. फिल्टर कोरडा नसेल तर तो व्हॉल्व्हपर्यंत पोहोचतो, सील खराब होतात आणि दाब हळूहळू गळू लागतो. मग गोळ्या लक्ष्यावर खाली खाली लागतात आणि खेळाडू दोष आपल्या हाताला देत राहतो.

मुदत संपलेले सिलिंडर पुन्हा भरायचे नाही आणि तसेच दुसऱ्याला विकायचेही नाही. पिस्तूल पेटीतून काढताना त्यात सेफ्टी फ्लॅग हवा, म्हणजे चेंबर रिकामे आहे हे लांबूनही दिसते. एअर पिस्तुलात ही रंगीत दोरी पूर्ण नळीतून आरपार जाते. ती घरीही घालावी, विशेषतः घरात लहान मुले असतील तर.

पुढच्या आठवड्यात छर्ऱ्यांविषयी : एकाच डबीतले दोन छर्रे सारखे का नसतात, आणि त्याने गुण किती हलतात.