डोमेन अनेक, सर्व्हर एक : पंचवीस वर्षांचा मागोवा

विदेश संचार निगमने १५ ऑगस्ट १९९५ रोजी देशात सर्वसामान्यांसाठी इंटरनेट खुले केले. कोल्हापूर आणि सांगली जिल्ह्यांतल्या ७० गावांना संगणकाने जोडणारा वारणा प्रकल्प १९९८चा. इंटरनेट असे पोहोचत होते, त्या भागातल्या संस्थांची घडण मात्र आधीपासूनची : एका मातृसंस्थेखाली अनेक शाखा ही सातारा-सांगली पट्ट्याची जुनी रीत. १९१९ साली कर्मवीर भाऊराव पाटलांनी सातारा जिल्ह्यातल्या काले येथे स्थापलेली रयत शिक्षण संस्था हे तिचे ठळक उदाहरण. अशा रचनेत महाविद्यालय, पतसंस्था, कारखाना यांचे डोमेन वेगवेगळे आणि मेल सर्व्हर मात्र एकच, हे ओघाने आलेच. मग प्रत्येक डोमेनला स्वतंत्र आयपी पत्ता द्यायचा का, हा प्रश्न उभा राहतो. त्याचे उत्तर काळानुसार बदलत गेले.

सुरुवातीला कारण लॉगिनचे होते. टपाल उतरवून घेताना वापरकर्ता नुसते ‘इन्फो’ किंवा ‘प्रिन्सिपल’ असे नाव देई. दोन डोमेनांत एकच नाव असले, तर तो कोणत्या पत्त्यावर जोडला गेला त्यावरूनच सर्व्हर डोमेन ओळखत असे. पूर्ण ई-मेल पत्ता हेच लॉगिन झाले आणि हे कारण संपले.

दुसरे कारण प्रमाणपत्राचे. सांकेतिक (एन्क्रिप्टेड) जोडणीत सर्व्हरला आधी प्रमाणपत्र दाखवावे लागे आणि समोरच्याला कोणते डोमेन हवे, हे त्या वेळी कळत नसे. जोडणीच्या आरंभीच नाव सांगण्याची सोय २००३ साली प्रमाणित झाली. पोस्टफिक्स या मेल सर्व्हर सॉफ्टवेअरमध्ये ती २०१९च्या ३.४ आवृत्तीत आली. दरम्यान, १५ एप्रिल २०११ रोजी आशिया-पॅसिफिकचा आयपीव्ही४ पत्त्यांचा साठा शेवटच्या राखीव गटावर आला आणि पत्ते जपून वापरणे भाग पडले.

तिसरे कारण आजही टिकून आहे, ते म्हणजे आयपी पत्त्याची पत. पतसंस्थेने हजारो खातेदारांना एकदम सूचना पाठवल्या आणि काहींनी त्यांना स्पॅम ठरवले, तर त्याच पत्त्यावरून निघणारी महाविद्यालयाची प्रवेशपत्रेही अडकतात. पूर्वी यासाठी पोस्टफिक्सच्या स्वतंत्र प्रती चालवाव्या लागत. २०१०च्या २.७ आवृत्तीपासून पाठवणाऱ्याच्या डोमेननुसार बाहेर पडण्याचा मार्ग निवडता येतो. प्रत्येक मार्गाला स्वतःचा आयपी आणि स्वतःचे हेलो नाव (जोडणी करताना सर्व्हर स्वतःची ओळख म्हणून सांगतो ते) द्यायचे. ते नाव त्या आयपीच्या उलट नोंदीशी, म्हणजे आयपीवरून नाव सांगणाऱ्या डीएनएस नोंदीशी, जुळले पाहिजे आणि डोमेनच्या एसपीएफ नोंदीत, म्हणजे टपाल पाठवण्याची मुभा असलेल्या पत्त्यांच्या यादीत, तो आयपी असला पाहिजे. यातली उलट नोंद आपल्या हातात नसते. पत्ता देणाऱ्या कंपनीकडून ती करून घ्यावी लागते आणि बहुतेक घोळ तिथेच होतो. फेब्रुवारी २०२४पासून गूगल आणि याहू उलट नोंद व एसपीएफ यांचे नियम काटेकोरपणे लावतात.

म्हणून आज हौसेने डोमेनागणिक पत्ता घेऊ नये. येणाऱ्या टपालाला एक पत्ता पुरतो. जिथे घाऊक टपाल जाते, तेवढेच डोमेन वेगळ्या पत्त्यावर ठेवावे, प्रत्येक डोमेनच्या टपालाला त्याची अस्सलता पटवणारी डीकेआयएम सही जोडावी आणि डोमेनच्या या नोंदी समजणारा एक माणूस संस्थेतच तयार करावा.