पेरणी पुण्यात, कापणी उजनीत

बाळांनो, शेतातल्या डीएपीच्या गोणीवर 18:46 असं छापलेलं असतं, पाहिलंय ना? पहिला आकडा नत्राचा, दुसरा स्फुरदाचा. पिकं यावरच वाढतात. आणि गंमत म्हणजे पाण्यातलं शेवाळही!

आता मुठेबरोबर चला. खडकवासल्याहून ती निघते तेव्हा पाण्यात हे खत जेमतेम असतं. मग पुणं लागतं. मोरीचं पाणी, उष्टं-खरकटं, संडासाचं सांडपाणी नाल्यांतून नदीत उतरतं. माणसाच्या लघवीतही नत्र आणि स्फुरद दोन्ही असतात. सांडपाण्यावर साधी प्रक्रिया केली तर घाण कमी होते, खत मात्र बरंचसं तसंच पुढे जातं. संगमावर मुळा भेटते, ती पवनेमार्फत पिंपरी-चिंचवडचं सांडपाणी घेऊन आलेली. पुढे मुळा-मुठा भीमेला मिळते. पावसाळ्यात काठच्या उसातला युरियाही वाहून येतो.

एवढं खत पोटात असून वाटेत सगळं पाणी हिरवं का होत नाही? कारण नदी पळत असते. इवल्याशा शेवाळाला वाढायला चार दिवस निवांत लागतात. वाहतं पाणी ते देत नाही आणि गढूळपणात ऊनही आत शिरत नाही.

पण भीमेच्या वाटेत 1980 साली उजनी धरण उभं राहिलं. तिथे पाणी थांबतं, गाळ खाली बसतो, ऊन आत उतरतं. मग बघा! पाण्यावर हिरवा रंग ओतल्यासारखा तवंग येतो, कडेला जलपर्णी माजते. दिवसा शेवाळ प्राणवायू सोडतं, रात्री मात्र स्वतःच ओढतं. म्हणून पहाटे मासे वर येऊन तोंडं उघडझाप करतात. शेवाळ मेलं की तळाशी कुजतं आणि कुजताना उरलासुरला प्राणवायूही संपतो. त्यात आणखी एक खोड आहे. प्राणवायू संपला की तळाचा गाळ दाबून धरलेला स्फुरद पुन्हा पाण्यात सोडतो. म्हणजे वरून खत येणं आज बंद झालं, तरी गाळातली जुनी शिदोरी शेवाळाला काही वर्षं पुरते.

म्हणून उजनीचं पाणी सुधारायचं तर सुरुवात उजनीत नाही, दीडशे किलोमीटर वर, आपल्या मोरीपाशी करायची. आणि ते सुधारायलाच हवं, कारण याच उजनीतून सोलापूरकर पाणी पितात, आणि इथूनच सोडलेलं पाणी पंढरीच्या चंद्रभागेला जातं.